शेत विकायचं नाही, फक्त घरं बांधायचा हक्क विकायचा: अमेरिकेत शेताला मार्क कसे देतात

मागच्या वर्षी आबा आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते तेव्हा आम्ही त्यांना हंटरडन काऊंटीच्या (काऊंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी) बाजूला भोपळे आणायला घेऊन गेलो. रस्त्याच्या कडेला मक्याचं कापून झालेलं रान, आणि बांधावर एक छोटी पाटी, 'प्रिझर्व्ड फार्मलँड'. आबांनी गाडी थांबवायला लावली. निफाडचा माणूस, जन्म द्राक्षात गेलेला, त्यांना भोपळ्यांचं काही नाही, खाली उतरले आणि रस्त्याकडेची मूठभर माती उचलून बोटांत चुरगाळून बघितली. "लाल आहे रे, कोकणासारखी," म्हणाले. मग पाटीकडे बोट करून विचारलं, "हे सरकारने घेतलंय का?"

मी म्हटलं, नाही आबा, शेत शेतकऱ्याचंच आहे, त्याने फक्त तिथे घरं बांधायचा हक्क विकलाय. "कुणाला?" सरकारला. "आणि सरकार काय बांधणार?" काहीच नाही. कुणीच काही बांधणार नाही, कायमचं.

आबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्यावर हा सगळा लेख आहे. "मग सगळेच येतील की पैसे घ्यायला. कुणाचं शेत घ्यायचं आणि कुणाचं नाही, हे ठरवतं कोण?"

मला तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं, नंतर बसून सगळं वाचून काढलं. इथे शेताला चक्क मार्क देतात, शाळेतल्यासारखे. आणि ते मार्क कशाला किती द्यायचे यातच सगळी गोम आहे, कारण त्यावरून कुठलं रान शंभर वर्षांनीही रान राहणार आणि कुठल्या रानात टाऊनहाऊस उभे राहणार ते ठरतं.

आधी हक्क विकणं म्हणजे काय ते बघू. मुंबई-पुण्याच्या लोकांना हे समजायला अजिबात अवघड नाही कारण आपल्याला टीडीआर माहिती आहे. रस्त्यासाठी किंवा बागेसाठी प्लॉट गेला की मालकाला पैशांऐवजी बांधकामाचा हक्क मिळतो, तो हक्क तो बिल्डरला विकतो आणि बिल्डर दुसरीकडे चार मजले जास्त चढवतो. म्हणजे जमीन एकीकडे आणि तिच्यावर बांधायचा हक्क दुसरीकडे, हे दोन वेगळे करून विकता येतात हे आपण रोज बघतो. इथल्या योजनेत पण हक्क जमिनीपासून वेगळा काढतात, फरक एवढाच की तो दुसरीकडे नेऊन वापरत नाहीत. सरकार तो विकत घेतं आणि मारून टाकतं. तसा दस्त काऊंटीच्या ऑफिसात नोंदवला जातो, त्याला इझमेंट म्हणतात, आणि पुढे शेत कितीही वेळा विकलं, वाटणी झाली, मुलं आली नातवंडं आली, तरी तो त्या जमिनीला चिकटलेला राहतो. बाकी सगळं मालकाचं. पेरायचं काय ते तो ठरवणार, विकायचं तर विकणार, गहाण टाकणार, पोरांच्या नावावर करणार, आणि कुंपणाच्या आत कुणाला येऊ द्यायचं नाही हेही तोच ठरवणार. लोकांना वाटतं सरकारी पैसा लागला म्हणजे ते सार्वजनिक उद्यान झालं, तसं नाहीये, ते खाजगी शेतच आहे.

ही कल्पना निघाली न्यूयॉर्क शहराच्या शेजारी, लाँग आयलंडवर. तिथल्या सफोक काऊंटीत बटाट्याची शेती होती, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शहर सरकत सरकत पूर्वेला यायला लागलं. काऊंटीचे प्रमुख जॉन क्लाइन यांनी हा विचार पुढे रेटला, १९७४ मध्ये कायदा झाला आणि १९७७ मध्ये पहिले हक्क विकत घेतले गेले. त्याच १९७७ मध्ये मेरीलँड आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांनीही आपापल्या योजना सुरू केल्या. न्यू जर्सीत १९८१ ला मतदारांनी यासाठी ५ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली, १९८३ ला कायदा आला आणि १९८५ मध्ये पहिलं शेत राखलं गेलं. आज इथे सुमारे अडीच लाख एकर जमीन अशी राखलेली आहे, आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तर ६ लाख एकरांच्या वर. आपल्या हिशोबात सांगायचं तर एक एकर म्हणजे ४० गुंठे, करा गुणाकार.

आता पैसे किती मिळतात? हा प्रश्न आबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर विचारलाच. दोन स्वतंत्र मूल्यांकन करणारे येतात, ज्यांना इथे अप्रेझर म्हणतात, आणि प्रत्येक जण दोन किमती काढतो. एक, आज हे शेत खुल्या बाजारात, बिल्डरसुद्धा घेऊ शकेल अशा स्थितीत, कितीला जाईल. दोन, यावर कधीच घरं होणार नाहीत, फक्त शेती होणार, असं गृहीत धरलं तर कितीला जाईल. पहिल्यातून दुसरी वजा केली की उरते ती हक्काची किंमत. समजा एकरी २०,००० डॉलर बाजारभाव आहे आणि नुसती शेतजमीन म्हणून ८,०००, तर एकरी १२,००० शेतकऱ्याला मिळणार, आणि शेत ८० एकरांचं असेल तर ९ लाख ६० हजार. (हे आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेत, प्रत्यक्षात गावागणिक जमीनअस्मानाचा फरक असतो.) न्यू जर्सीत काऊंटीने हक्क घेतला तर त्यातले साधारण ६० ते ८० टक्के राज्य देतं आणि बाकीचे काऊंटी आणि गाव मिळून. हा पैसा शेवटी लोकांच्या करातूनच येतो, आणि लोकांनी तो मतदानाने मंजूर केलेला आहे, १९९८ ला राज्यघटनेत बदल करून आणि परत २०१४ ला कंपन्यांच्या करातला हिस्सा यासाठी बाजूला काढून.

पैसा मर्यादित आणि अर्ज खूप, म्हणून मार्क.

मार्कांची मूळ पद्धत केंद्र सरकारच्या कृषी खात्याने बसवली, १९८१ च्या सुमारास. तिचे दोन भाग आहेत, एक जमिनीचा कस आणि दुसरा जागेचा कस. पहिल्यात माती किती चांगली ते बघायचं, दुसऱ्यात आजूबाजूला काय आहे, रस्ता कुठे, ड्रेनेज कुठे, शेजारी कोण. त्याच वर्षी केंद्राने शेतजमीन वाचवण्याचा कायदा केला, त्यात एखादा सरकारी प्रकल्प शेतजमिनीवरून जाणार असेल तर फॉर्म भरावा लागतो, आणि त्या फॉर्मवर मातीला १०० आणि जागेला १६० असे २६० पैकी मार्क असतात. म्हणजे पहिल्याच झटक्याला त्यांनी जागेला मातीपेक्षा जास्त वजन दिलं. मला हे वाचून आश्चर्य वाटलं होतं, कारण आपल्याला वाटतं शेत म्हणजे माती, बाकी काय. पण जसजसं वाचत गेलो तसतसं पटत गेलं.

न्यू जर्सीचा हिशोब जवळून बघू कारण तो सगळ्यात उघड आहे, पेन्सिल घेऊन बसलात तर घरी करता येईल.

मातीला १५ मार्क. सरकारी मृदा सर्वेक्षणाचे नकाशे असतात, त्यात प्रत्येक शेतातली माती कुठल्या प्रकारची ते रंगवलेलं असतं. सगळ्यात उत्तम ती 'प्राइम', म्हणजे सपाट, खोल, पाण्याचा निचरा होणारी आणि तरी ओल धरणारी. तिच्या टक्क्याला ०.१५ ने गुणायचं. त्याखालची, राज्याच्या दृष्टीने महत्त्वाची, तिला ०.१०. त्याखालची स्थानिक महत्त्वाची, ०.०५. शेतात ७० टक्के प्राइम आणि २० टक्के दुसऱ्या नंबरची असेल तर साडेदहा आणि दोन, झाले साडेबारा.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्यू जर्सीच्या दक्षिणेला पाइन बॅरन्स म्हणून भाग आहे, नुसती आम्लयुक्त वाळू, मका लावाल तर हात हलवत परत याल. पण ब्लूबेरी आणि क्रॅनबेरी तिथेच होते. लागवडीची ब्लूबेरी जगात पहिल्यांदा तिथल्याच व्हाइट्सबॉग गावात तयार झाली, एलिझाबेथ व्हाइट आणि फ्रेडरिक कोव्हिल यांनी मिळून, आणि १९१६ ला पहिलं पीक बाजारात गेलं. मक्याच्या फूटपट्टीने मोजलं तर ही जमीन नापास. म्हणून मातीच्या वर्गवारीत 'युनिक' असा एक वेगळा प्रकार ठेवलाय, त्या मातीत ते खास पीक खरंच घेत असाल तर मार्क मिळतात. रत्नागिरीच्या कातळावरच्या हापूसला विदर्भातल्या काळ्या मातीच्या निकषावर मार्क दिले तर काय होईल याचा विचार करा म्हणजे हा प्रकार का लागतो ते लक्षात येईल.

मग वहिवाटीखालची जमीन, तिलाही १५. प्रत्यक्ष पीक निघतं त्या क्षेत्राचा टक्का गुणिले ०.१५, जंगल असेल त्याला शून्य. शेताचा पाऊण भाग पिकाखाली आणि पाव भाग झाडी तर सव्वाअकरा.

आता येतो खरा भाग, चतु:सीमा. याला २० मार्क आहेत, मातीपेक्षा जास्त. शेताच्या चारी बाजूंची हद्द टक्क्यात मोजायची. जिथे शेजारी आधीच कायमचं राखलेलं शेत आहे त्या टक्क्याला ०.२०. जिथे ओढा किंवा पाणथळ आहे तिथे ०.१८, कारण ओढ्यात कुणी घर बांधत नाही, तो निसर्गाने घातलेला बांध आहे. जिथे शेजारी शेतच आहे पण मोकळं, म्हणजे उद्या विकलं जाऊ शकतं, तिथे फक्त ०.०६. झाडीलाही ०.०६. आणि जिथे शेजारी घरांची वसाहत आहे तिथे शून्य.

हा फरक बघा. शेजाऱ्याचं शेत आज तेवढंच हिरवं दिसतंय, पण राखलेलं असेल तर तुम्हाला तिपटीहून जास्त मार्क. कारण शेती एकट्याने होत नाही. रात्री अकराला कापणी चालू असते, पहाटे फवारणी असते, शेणखत टाकलं की चार दिवस वास असतो, ट्रॅक्टर रस्त्यावरून वीसच्या स्पीडने जातो आणि मागे गाड्यांची रांग लागते. शेजारी शेतकरी असेल तर त्याचंही तेच चाललेलं असतं. शेजारी पाच बेडरूमचं घर असेल तर तो टाऊनशिपमध्ये तक्रार घेऊन जातो. राज्याने १९८३ ला शेतकऱ्यांना अशा तक्रारींपासून वाचवणारा कायदा केलाय, पण कायदा असला तरी सुनावणीला जाण्यात जो दिवस मोडतो तो कुणी परत देत नाही. आणि शेजारचे शेतकरी कमी झाले की मग खताचा दुकानदार गाशा गुंडाळतो, ट्रॅक्टर रिपेअर करणारा जातो, जनावरांचा डॉक्टर चाळीस मैलांवरून बोलवावा लागतो, धान्य घेणारा त्या बाजूला ट्रक पाठवायचा बंद करतो. मग उरलेल्या एकाची माती कितीही सोन्यासारखी असो, तो काय करणार.

आम्ही राहतो त्या प्लेन्सबरोत हे डोळ्यांसमोर घडलेलं आहे, म्हणजे आमच्या येण्याआधी, पण खुणा आहेत. वॉकर-गॉर्डन नावाची डेअरी होती इथे, १९३० मध्ये त्यांनी गोल फिरणारा गोठा बनवला होता, पन्नास गाई एका वेळी त्यावर उभ्या राहायच्या आणि एक चक्कर पूर्ण होईपर्यंत दूध काढून व्हायचं, लोक लांबून बघायला यायचे. आज तिथे त्याच नावाची वसाहत आहे. आपली कितीतरी मंडळी तिकडे राहतात, गणपतीला आमचं जाणं-येणं असतं. मी कुणाला दोष देत नाहीये, मी स्वतः अशाच एका वसाहतीत राहतो जी तीसेक वर्षांपूर्वी शेत होती. पण म्हणूनच मला वाटतं की हे आपल्याला नीट माहिती हवं, ज्या मतपत्रिकेवर शेतं राखायच्या कराचा प्रश्न असतो ती आपल्याही हातात येते.

हद्दीनंतर आसपास किती शेतं आधीच राखलेली किंवा या योजनेत आलेली आहेत ते मोजतात, प्रत्येकाचे २, जास्तीत जास्त १०. मग गावाची बांधिलकी, २० मार्क. यात गावाने काय काय केलंय ते बघतात, प्लॉटचा किमान आकार मोठा ठेवलाय का, ड्रेनेजची लाइन शेतांकडे न्यायचं टाळलंय का, शेतकऱ्यांच्या बाजूने ठराव आहे का, स्वतःच्या खिशातून पैसे घालतंय का. मला हा निकष फार शहाणा वाटतो. एकीकडे राज्याने लाखो डॉलर घालून शेत राखायचं आणि शेजारून गावाने ड्रेनेजची मोठी लाइन टाकायची, म्हणजे एका हाताने बी पेरायचं आणि दुसऱ्या हाताने कोंबड्या सोडायच्या. आकाराला १०, पण त्या काऊंटीतल्या सरासरी शेताशी ताडून, कारण एका काऊंटीत पन्नास एकर म्हणजे मोठं आणि दुसरीकडे किरकोळ. आणि शेवटी त्या भागात बांधकामाचा दबाव किती त्याचे थोडे. शेतकऱ्याने 'हा तुकडा मला बाजूला काढून द्या, पुढेमागे विकीन' असं म्हटलं तर मार्क कापलेही जाऊ शकतात.

आता दोन काल्पनिक शेतं घेऊ, दोन्ही ८० एकर. पहिल्याची माती आपण मगाशी काढली, साडेबारा, वहिवाट सव्वाअकरा. हद्दीला ४० टक्के राखलेलं शेत, ३० टक्के मोकळं शेत, १० टक्के ओढा, २० टक्के घरं. म्हणजे ८ अधिक १.८ अधिक १.८ अधिक शून्य, ११.६. दोन राखलेली शेतं आसपास, ४. गावाचे समजा १५, आकाराचे ५, दबावाचे ३. बेरीज ६२ च्या थोडी वर.

दुसरं शेत म्हणजे मातीचा दागिना. शंभर टक्के प्राइम, १५ पैकी १५. जवळजवळ सगळं पिकाखाली, सव्वाचौदा. पण तीन बाजूंना वसाहती आणि एका बाजूला झाडीची पट्टी, हद्दीचे दीड. आसपास राखलेलं काही नाही, शून्य. गावात ड्रेनेज येऊन पोचलंय, गावाचे ८. आकाराचे तेच ५, दबावाचे तेच ३ धरू. बेरीज ४७ ला पण पोचत नाही.

काऊंटीची सरासरी समजा ६० असेल तर नियम असा की सरासरीच्या निदान ७० टक्के मार्क हवेत, म्हणजे ४२. दुसरं शेत पात्र ठरेल, पण रांगेत मागे. आणि मागे म्हणजे कधीकधी इतकं मागे की नंबर येईपर्यंत म्हातारा शेतकरी थकतो, पोरं म्हणतात विका.

आबांना मी हा हिशोब कागदावर करून दाखवला तेव्हा ते नाराज झाले. "चांगली माती नापास करता होय रे," म्हणाले. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण माझं मत आता पक्कं झालंय की हद्दीला मातीपेक्षा जास्त मार्क देणं बरोबर आहे. चारी बाजूंनी घरांनी वेढलेलं एकटं शेत राखायला सगळ्यात महाग पडतं, कारण तिथे बाजारभाव चढलेला असतो, आणि इतके पैसे घालून जे हाती येतं त्यावर पुढची पिढी शेती करेल याची खात्री सगळ्यात कमी असते. तेवढ्याच पैशात जरा आत, जिथे अजून दहा शेतं एकमेकांना लागून आहेत, तिथे तिप्पट जमीन राखता येते आणि ती एकमेकांना धरून राहते.

पेनसिल्व्हेनियात हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलाय. तिथे मातीला निदान ४० टक्के वजन द्यावंच लागतं, त्याखाली काऊंटीला जाता येत नाही. उरलेलं तीन गोष्टींत वाटायचं: तिथे बांधकाम व्हायची शक्यता किती, शेती म्हणून पुढे टिकायची शक्यता किती, आणि राखलेल्या शेतांचा पुंजका व्हायची शक्यता किती. प्रत्येकाला निदान १० टक्के, बाकी काऊंटीची मर्जी. शिवाय मार्कांच्या आधी एक चाळणी आहे. शेत हे ५०० एकरांच्या किंवा त्याहून मोठ्या अशा नोंदवलेल्या शेतीक्षेत्रात असलं पाहिजे, आणि असं क्षेत्र शेतकऱ्यांनी स्वतः एकत्र येऊन मागायचं असतं, म्हणजे एकटा-दुकटा येऊच शकत नाही. राखलेल्या शेजाऱ्याला लागून असलेल्या छोट्या शेताला मात्र शेताच्या स्वतःच्या किमान आकाराच्या अटीत सूट मिळते, दहा एकर असलं तरी चालतं.

लँकेस्टर काऊंटीचा नकाशा बघितला तर हे पुंजके कसे वाढले ते दिसतं, आज तिथे एक लाख एकरांपेक्षा जास्त जमीन राखलेली आहे. चुनखडीवरची माती, अमेरिकेत पावसाच्या पाण्यावरची याहून चांगली जमीन शोधावी लागेल. आणि तिथले बरेच शेतकरी आमिश, म्हणजे जुन्या चालीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे, घोड्यांवर शेती करणारे, सरकारचा पैसा घ्यायला न धजणारे. म्हणजे सगळ्यात चांगल्या जमिनीचे मालक योजनेला हातच लावेनात. तेव्हा १९८८ मध्ये एक खाजगी ट्रस्ट निघाला, लँकेस्टर फार्मलँड ट्रस्ट, सरकारी नाही, शेजारधर्माने चालणारा, आणि त्याच्यामार्फत आमिश शेतकरी यायला लागले. मार्कांच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नसतं की या माणसाचा कुणावर विश्वास आहे, पण शेवटी सही त्यावरच होते.

पैसे न देता नुसत्या झोनिंगने, म्हणजे कुठे काय आणि किती बांधायचं याच्या नियमाने, का नाही करत, असं कुणी विचारेल. मेरीलँडच्या माँटगोमेरी काऊंटीने १९८० मध्ये ते केलं, ९० हजारांहून जास्त एकरांवर पाच एकरांमागे एक घर होतं ते पंचवीस एकरांमागे एक करून टाकलं, आणि त्या बदल्यात शेतकऱ्याला दर पाच एकरांमागे एक टीडीआर दिला, तो शहराकडच्या बिल्डरला विकायला. आपल्या मुंबईत १९९१ च्या नियमावलीने टीडीआर आणला, त्याच्याही अकरा वर्षं आधीची ही गोष्ट. ते काम चाललं, पण झोनिंग म्हणजे शेवटी ठराव आहे, पुढची सभा बदलू शकते. पुण्याच्या आसपास ग्रीन झोनचा येलो झोन कसा होतो हे मुळशी-मावळच्या माणसाला मी सांगायला नको. दस्त नोंदवलेला असला की तो नुसत्या ठरावाने पुसता येत नाही.

मार्कांना जे दिसत नाही तेही सांगतो. हंटरडनमध्येच क्वेकर व्हॅली फार्म्स नावाच्या १२० एकरांच्या राखलेल्या शेतात मालकाने फुलझाडांचे हूपहाऊस, म्हणजे आपल्याकडच्या पॉलिहाऊससारखे बोगदे, उभारायला सुमारे २० एकर जमीन खोदून सपाट केली. तेही शेतीच होती, फुलंच पिकवायची होती. पण ती प्राइम माती होती, हजारो वर्षांत थर साचून झालेली, ती उलथीपालथी झाली. राज्याने कोर्टात खेचलं आणि २०१८ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दस्ताचा भंग झाला, शेतीच्या नावाखाली मातीच नष्ट करता येणार नाही. त्याच वेळी कोर्टाने असंही म्हटलं की कितीपर्यंत चालेल हे शेतकऱ्याला आधी स्पष्ट कळायला हवं होतं, तसे नियम करा. मला दोन्ही पटतं. शेत निवडताना मातीला मार्क दिले आणि नंतर त्या मातीकडे कुणी बघितलंच नाही तर ते मार्क कशाचे होते? राखलेल्या शेतावर दरवर्षी माणूस फिरून बघायला जातो तो याचसाठी, आणि त्या फिरण्याला पैसे लागतात जे बजेट करताना सगळ्यात आधी विसरले जातात.

दुसरं म्हणजे कोण पिकवणार. बांधकामाचा हक्क गेला की शेत स्वस्त होतं, आणि तरुण शेतकऱ्याला घेता यावं हा त्यातला मोठा फायदा सांगितला जातो. पण शहराजवळ असलं की श्रीमंत माणूस येतो, त्याला नव्वद एकर मोकळं आणि मधे एक घर हवंच असतं, तो शेताच्या भावापेक्षा जास्त देऊन घेतो, गवत कापून घेतो आणि बसतो. दस्तात लिहिलेलं असतं की घरं बांधू नका, पण 'पिकवाच' असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं. मॅसॅच्युसेट्सने यावर एक उपाय केलाय, विक्रीच्या वेळी शेतीच्या भावाने घ्यायचा पहिला हक्क राज्याने दस्तातच स्वतःकडे ठेवलाय. मला वाटतं हे सगळीकडे यायला हवं.

आबा डिसेंबरात परत गेले. गेल्या महिन्यात फोन आला, पूर्वेकडच्या शेजाऱ्याने वाटण्या होऊन जमीन विकली, तिथे खडी टाकून प्लॉटिंग चालू झालंय, बोर्ड लागलाय. थोडा वेळ ते द्राक्षांच्या छाटणीबद्दल बोलले आणि मग एकदम म्हणाले, "अरे, ते हद्दीचे मार्क काढ ना आपल्या शेताचे."

मी काढले. आमचं चार एकर, चौकोनी, चारी बाजू सारख्या. दक्षिणेला ओढा, साडेचार. उत्तरेला पाटलांची बाग, दीड. पश्चिमेला चुलत्यांची जमीन, दीड. पूर्वेला प्लॉटिंग, शून्य. वीसपैकी साडेसात.

"आणि पूर्वेची बाग होती तेव्हा किती होते?"

नऊ, आबा.

"दीडच मार्क गेला होय," ते म्हणाले, आणि मग विचारलं की चुलत्यांच्या पोराने त्याचा हिस्सा विकला तर किती राहतील. म्हटलं, सहा. ते म्हणाले, थांब, संध्याकाळी जातो त्याच्याकडे, बोलून बघतो.